चष्मेवाल्याचे बूट

हे बरं?

सिग्नल लाल झाला, चष्मेवाल्यानं मोटरसायकल थांबवली, डावा पाय ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर टेकवला आणि पुढच्याच क्षणी तो, गाडी आणि मागे बसलेली बायको असे तिघेही डाव्या अंगावर आडवे झाले. लागलं कुणालाच नाही. पण शेजारी बस उभी होती, आणि बसला खिडक्या असतात.

बायको डबक्यातून उठली, पर्स उलटी करून आतलं पाणी ओतलं आणि शांतपणे म्हणाली, "तुमच्या पायाचा मला आता भरवसा नाही."

दुसऱ्या दिवसापासून ती मैत्रिणीच्या कारमधून ऑफिसला जाऊ लागली. चष्मेवाल्याला पडण्यापेक्षा हे जास्त लागलं. लग्नापासून सकाळचा तो रस्ता दोघांचा होता. कोण कुणाशी बोलत नाही, वरच्या मजल्यावर काय फुटलं, साहेबांनी केस का रंगवले, असल्या मागून कानात पडणाऱ्या बातम्या त्याला दिवसभर पुरत. आता मागच्या सीटवर नुसता डबा बसायचा. विनवण्या करून झाल्या, पण उत्तर एकच: पाय सरकणार नाही असे बूट आणा, मग बघू.

त्यात काय अवघड? तो स्वतः दिवसभर आपल्या चष्म्यांच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांपुढे काचा सरकवून विचारायचा, "आता बरं, की आधीचं बरं?" गिऱ्हाईक गोंधळलं की मनातल्या मनात चिडायचा. माणसाला एवढं साधं ठरवता येऊ नये?

की हे बरं?

बायकोचा भाऊ डोंगरदऱ्यांतून गाडी फिरवून आलेला, म्हणून या विषयातला अधिकारी. तळाला ट्रॅक्टरच्या टायरसारख्या खोल खाचा हव्यात, असं त्यानं ठणकावून सांगितलं. चष्मेवाल्यानं तसे बूट आणले. चिखलात ते छान रुतायचे. पेट्रोल पंपावरच्या गुळगुळीत ओल्या फरशीवर मात्र ते असे घसरत निघाले, की पंपावरच्या माणसाला मिठी मारूनच तो थांबला. शिवाय बुटाचा जाडजूड चवडा गिअरखाली शिरेना. घरापर्यंत तो पहिल्या गिअरमध्येच आला, गुरगुरत.

मेहुण्यानं सगळं ऐकून घेतलं. "दाजी, तुम्ही चिखलातून नाही जात?"

"मी दुकानात जातो."

"मग तसं आधी सांगायचं ना."

मग हॉटेलच्या ओल्या स्वयंपाकघरात वापरतात ते रबरी बूट आले. हे कशावरूनच सरकेनात. फूटरेस्टवरूनही नाही. दुकानापुढे गाडी थांबली, खाली यायचा पाय वरच राहिला, आणि चष्मेवाला झाड पडावं तसा सावकाश, सगळ्यांना बघायला पुरेसा वेळ देत, स्वतःच्याच दुकानाच्या पाटीवर कलंडला. पाटीवरच्या भल्यामोठ्या चष्म्याची एक काच गेली.

संध्याकाळी बायकोनं चौकशी केली. बूट सरकत नाहीत, हे त्यानं अभिमानानं सांगितलं.

"मग पडलात कसे?"

"न सरकल्यामुळे."

बायकोनं उद्यासाठी मैत्रिणीला फोन लावला.

परत आधीचं दाखवा

तिसऱ्यांदा तो बुटांच्या दुकानातच ठाण मांडून बसला. दुकानदारानं एक फरशी आणली, तिच्यावर पाणी ओतलं, वर साबणाचे थेंब टाकले आणि चष्मेवाल्याच्या एका पायात एक, दुसऱ्यात दुसराच बूट चढवला.

"साहेब, हा बरा, की हा बरा?"

चष्मेवाल्यानं डावा पाय घासला. मग उजवा. डावा बरा वाटला. मग उजवा वाटला.

"परत आधीचा दाखवा."

"आधीचा म्हणजे हा, की त्याच्या आधीचा?"

मऊ रबर पकडतं पण झिजतं, कडक टिकतं पण घसरतं. नाड्या घट्ट बसतात पण गिअरमध्ये अडकतात, आणि नाडी नसेल तर बूटच पायातून निघतो. गमबुटात पाणी शिरत नाही, आणि शिरलंच तर बाहेर येत नाही. दुकानदार बोलता बोलता स्वतःच गोंधळला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

"मला दोन्ही सारखेच वाटतायत," चष्मेवाला पुटपुटला, आणि दचकला. हे वाक्य तो रोज ऐकायचा. दुकानदाराच्या चेहऱ्यावरचा भावही ओळखीचा होता. रोज तो त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावर असायचा.

शेवटी मोटरसायकलच दारात आणून, तिच्यावर चढउतार करून त्यानं एक जोड पक्का केला: मऊ रबर, बारीक खाचा, नाडीऐवजी पट्टा, आणि गिअरखाली शिरेल असा पातळ चवडा.

घरी बायकोनं त्याला बाथरूममध्ये साबणाच्या पाण्यात उभं केलं आणि दोन्ही हातांनी ढकललं. तो हलला नाही. तिनं पुन्हा ढकललं, जरा मनापासून. तरी नाही.

"उद्या बघू," ती म्हणाली. मैत्रिणीला त्या रात्री फोन गेला नाही.

आता?

पाऊस. तोच सिग्नल, तोच पट्टा. मागून बातम्या चालू. साहेबांचा रंग उतरायला लागला होता म्हणे.

लाल. डावा पाय खाली. बूट रस्त्याला धरून राहिला. चष्मेवाला सुखानं श्वास सोडतोय तोच बातम्या थांबल्या आणि गाडी डावीकडे ओढली जायला लागली. बूट जागचा हलेना, पण मांडी थरथरायला लागली. त्यानं आरशात बघितलं. आरशात बायको नव्हती.

त्यानं मान वळवली. बायको सीटवरून अर्धी बाहेर, डावीकडे लोंबत होती. मान लांब करून, डोळे बारीक करून ती कोपऱ्यावरच्या पडद्यांच्या दुकानाची पाटी वाचत होती.

"काय करतेस?"

"सूट किती आहे तेच दिसत नाहीये. गेल्या वेळी पण वाचता वाचता पडलो."

सिग्नल हिरवा झाला. मागच्यांनी हॉर्न वाजवले. चष्मेवाला तसाच. पाटीवरचा आकडा हातभर उंच होता.

आपण काय बोलून गेलो ते बायकोच्याही ध्यानात आलं असावं. ती सरकून अगदी मधोमध बसली. चष्मेवाल्यानं गाडी पुढे काढली.

मग ती म्हणाली, "बूट चांगले आहेत पण."

त्या दिवशी ती ऑफिसला उशिरा पोचली. त्याआधी, एक काच गेलेल्या पाटीखालून आत जाऊन, ती पहिल्यांदाच डोळे तपासायच्या उंच खुर्चीत बसली. चष्मेवाल्यानं ओल्या बुटांनीच पुढे येऊन तिच्या डोळ्यांपुढे काच सरकवली.

"आता बरं, की आधीचं बरं?"

"परत दाखवा ना. मला दोन्ही सारखंच वाटतंय."

"वाटतं तसं," तो म्हणाला, आणि त्यानं परत दाखवलं.