वझे काकांचे सिक चेक

वझे काकांच्या हातात चेक दिला की ते आधी त्याला टिचकी मारतात. चेक कानाजवळ धरतात, एक टिचकी वरच्या कोपऱ्यावर, एक खालच्या. मग क्षणभर डोळे मिटून थांबतात आणि निकाल देतात. निकाल दोनच प्रकारचे असतात, ‘फिट’ किंवा ‘सिक’.

काका रेल्वेत वॅगन तपासायचे. झाशीच्या यार्डात मालगाडी उभी राहिली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन एकेक चाक ठोकत जायचं आणि आवाजावरून ते शाबूत आहे की तडकलंय हे ओळखायचं, असं त्यांचं काम. बिघडलेल्या वॅगनवर खडूने ‘सिक’ लिहिलं की ती गाडीतून काढून दुरुस्तीच्या रुळावर नेतात. नोकरी संपली, हातोडा रेल्वेने परत घेतला, पण ठोकून बघायची खोड कोणी परत मागितली नाही. काका कलिंगड ठोकतात, गॅसचा सिलिंडर ठोकतात, आमच्याकडे चहाला आले की कपात चहा ओतायच्या आधी कपाला टिचकी मारतात. चेकमध्ये ठोकण्यासारखं काय असतं, असं मी एकदा विचारलं.

"काही नसतं," काका म्हणाले. "पण ठोकल्याशिवाय माझे डोळे उघडत नाहीत."

आम्ही झाशीला आलो ते नवऱ्याच्या बदलीमुळे. लक्ष्मी ताल या तलावाकडच्या गल्लीत घर मिळालं आणि शेजारी मराठी माणूस आहे म्हटल्यावर मला हायसं वाटलं. ते फार टिकलं नाही. सामान लागतंय न लागतंय तोच मी माझ्या जुन्या शाळेने पाठवलेला शेवटच्या पगाराचा चेक घेऊन बँकेत निघाले होते. काका त्यांच्या फाटकात उभे होते. ओळखदेख नसताना त्यांनी हात पुढे केला आणि मीही का कोण जाणे, चेक दिला. टिचकी वाजली.

सिक. कारण चेकवर माझं माहेरचं नाव होतं आणि खातं सासरच्या नावाने. शिवाय शाळेने पत्राला चेक टाचून पाठवला होता आणि टाचणी नेमकी खालच्या पांढऱ्या पट्टीत घुसली होती, जिथले आकडे मशीन वाचतं. हा गाडीला जोडू नकोस बेटा, रस्त्यात उतरेल, असं त्यांनी मला सांगितलं. मी मनात म्हटलं, रिकामटेकडा म्हातारा दिसतोय, आणि चेक बँकेच्या पेटीत टाकून आले. आठवड्याभरात तो परत आला, वर दंड कापला गेला तो वेगळाच. काका फाटकातच होते. ‘शाळेला कळव’ एवढंच म्हणाले, पण झालेला आनंद लपवायचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत.

तेव्हापासून मी त्यांना न दाखवता एकही चेक बँकेत टाकला नाही.

बँकेत चेकच्या पेटीशेजारी एक बाक आहे. त्यावर काका सकाळचे जाऊन बसतात. बँकेचं पेन दोरीला बांधलेलं असतं आणि त्यात शाई नसते, म्हणून स्वतःचं पेन खिशात. मोठ, समथर अशा आसपासच्या गावांतून लोक धान्याच्या अडत्यांनी दिलेले चेक घेऊन येतात आणि पेटीपाशी घुटमळतात. "काए बाबूजी, जौ चलहै?" हा चालेल ना, असं कोणी बुंदेलीत विचारलं की टिचकी वाजते. तारखेवर दोनदा पेन फिरलंय, अक्षरात एक रक्कम आणि आकड्यात दुसरी, तीन महिन्यांची मुदत उलटून गेलीय, असं काहीतरी निघतं आणि माणूस अडत्याच्या नावाने बोटं मोडत परत जातो. सुरुवातीला बँकेतली माणसं वैतागली होती म्हणे. पुढे त्यांच्या लक्षात आलं की या बाकावरून गेलेला चेक माघारी येत नाही. मग काकांना कोणी उठवलं नाही, उलट उन्हाळ्यात पंखा त्यांच्या बाजूला फिरवला.

आणि अशा या जाणत्या माणसाचे स्वतःचे चेक मात्र सदा परत यायचे.

काकांचा मुलगा मंदार बंगळुरूला इंजिनिअर आहे. काकू गेल्यापासून तो वडिलांना दर महिन्याला पैसे पाठवतो. काकांना पेन्शन पुरून उरते, पण तो ऐकत नाही. मोबाइलवरून पाठवतो म्हणाला तर काका ऐकत नाहीत. मोबाइलवर आलेल्या पैशाला चाकं नसतात, मी ठोकू काय, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे बिचारा मंदार अजून चेक लिहितो आणि कुरिअर करतो. आणि झाशीची बँक प्रत्येक वेळी त्यात काहीतरी खुसपट काढते. कधी सहीचं शेपूट आखूड आलं, कधी शाई फिकी, कधी रकमेच्या आधी जागा सुटली. काका फाटकात येऊन जाहीर करायचे, "आज फिर सिक कर दिया बँकवाल्यांनी."

मग मंदारचा फोन यायचा. काका स्पीकर लावून बोलतात, त्यामुळे तो फोन गल्लीतल्या सगळ्यांना येतो. आधी चेक, मग काकांचा गुडघा, मग कूलरची जाळी, मग मंदारच्या मुलीने शाळेत काय दिवे लावले ते. शेवटी ती मुलगी स्वतः फोनवर येते. तिला मराठी कळतं, बोलता येत नाही, त्यामुळे काका मराठीत विचारतात आणि ती हिंदीत उत्तर देते. एवढं सगळं झाल्यावर मंदार दुसरा चेक पाठवतो असं म्हणून ठेवतो. मी त्या बँकेला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या आहेत की त्या बँकेत माझं खातं आहे हे विसरून गेले होते.

एक दिवस मंदारने मलाच फोन केला. आवाज कातावलेला होता. म्हणाला, ताई, माझा एकही चेक वटत नाही, तुम्ही जरा बँकेत जाऊन विचारता का?

"नाहीतर पुढच्या महिन्यापासून मी सरळ खात्यात पैसे टाकणार. बाबा काहीही म्हणू देत. दर वेळी ही उस्तवार, हे तासतासाचे फोन. मला एवढा वेळ नसतो हो."

काका महालक्ष्मीच्या देवळात गेले होते ती वेळ साधून मी बँकेत गेले. भांडायची चांगली तयारी करून गेले होते. काउंटरवरच्या तिवारी मॅडमनी माझं सगळं भाषण ऐकून घेतलं, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

"अंकल जी के बेटे का एक चेक लौटा था, बहुत पहले. दस्तख़त नहीं मिले थे," त्या म्हणाल्या. "उसके बाद उन्होंने लगाया ही नहीं."

मी म्हटलं, भरलाच नाही? पण ते तर सारखे इथे येतात.

"आते हैं. सबके लगवाते हैं. अपना नहीं लगाते."

पेटीशेजारचा बाक रिकामा होता. मी त्यावर जाऊन बसले, कारण मला काय करावं ते सुचेना. तो पहिला चेक खरोखरच परत आला तेव्हा मंदारने किती फोन केले असतील, ते मला आता दिसायला लागलं. चेक वटला की मोबाइलवर बँकेचा एक मेसेज येतो आणि महिना संपतो. चेक अडला की मुलगा येतो, नात येते, गुडघ्याची चौकशी होते. मला वाईट वाटलं. काकांचं वाटलंच, पण बँकेला उगाच शिव्या दिल्याचंही वाटलं.

मंदारला मी बँकेने जे सांगितलं तेवढंच सांगितलं. मग "बरं ताई" म्हणून त्याने फोन ठेवला.

त्यानंतर मी काकांचं फाटक टाळायला लागले. मी घरभेदीपणा केला होता. आता पैसे सरळ खात्यात येणार, काकांच्या मोबाइलवर मेसेज वाजणार आणि स्पीकर गप्प राहणार. भाजी आणायला मी मागच्या गल्लीने जात होते.

पुढचा महिना लागला आणि काकांनी मला फाटकातून हाक मारली. हातात कुरिअरचं पाकीट होतं, दुसऱ्या हातात चेक. त्याला त्यांनी टिचकी मारली नव्हती. माझ्या तोंडासमोर धरून म्हणाले, "बघ. बघ तरी."

मी पाहिलं. तारीख स्वच्छ, नाव वळणदार अक्षरात, रक्कम जिथून सुरू व्हायला हवी तिथूनच सुरू झालेली, कुठे खाडाखोड नाही. इतका नेटका चेक मी काकांच्या हातात कधी पाहिला नव्हता. फक्त सहीची जागा कोरी होती.

"एवढा इंजिनिअर झाला," काका म्हणाले, "आणि सहीच विसरला."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना यातलं काही कळलं होतं की नाही ते मला अजून सांगता येत नाही. मी विचारलं, मग काका, सिक?

"सिक? बेटा, याला चाकंच बसवली नाहीत."

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी स्पीकर लावला. चेक मिळाला का, काही गडबड तर नाही ना, असं मंदार विचारत होता. काका पायरीवर टेकले, दुखरा गुडघा हाताने सरळ केला आणि चेक मांडीवर ठेवला.

"गडबड आहे. मोठी आहे," ते म्हणाले. "तुला वेळ आहे ना?"

"आहे बाबा," मंदार म्हणाला. "सावकाश सांगा."