कोणाच्या नजरेत न भरणारी गाडी

एका जंगलात एक साळिंदर राहत होता. तो फार हुशार होता. हे मलाच सांगावं लागतंय, कारण दुसरं कोणी सांगत नाही. आणि तो साळिंदर म्हणजे मीच, भाऊराव.

बसा रे पोरांनो, पारावर नीट बसा. वारुळाला टेकू नका. लाह्या सगळ्यांना मिळतील, पण गोष्ट संपल्यावर. आधी दिल्या की तुम्ही पळता, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे.

तर ह्या साळिंदराला एक बायको होती. द्वारका तिचं नाव. तिला समुद्र बघायचा होता. लहानपणी एका खंड्यानं तिला सांगितलं होतं, की घाट उतरला की एक असं पाणी लागतं, ज्याला पलीकडचा काठच नाही. ते तिनं मनात धरलं. लग्नात सगळे म्हणाले, "नाव घे," तेव्हा तिनं घेतलं :

"घाटाखाली समुद्र, त्याला नाही पैलतीर,
भाऊरावांचं नाव घेते, न्यायला करू नका उशीर."

सगळे हसले. मीही हसलो. म्हटलं, "अगं, ह्याच वर्षी जाऊ की!"

ह्याच वर्षी, ह्याच वर्षी म्हणता म्हणता माझ्या मिश्या पिकल्या.

दोष माझा नव्हता. दोष घोरपडकाकूंचा होता. काकू आमच्या शेजारी राहतात. आम्ही पिशवी उचलली रे उचलली, की ह्यांची मान बिळातून बाहेर. "कुठं निघालात?"

झालं! निघताना कोणी 'कुठं' विचारलं की काम होत नाही, हे तुम्हाला घरी शिकवलं असेलच. मग मागं फिरा, घोटभर पाणी प्या, घटकाभर टेका आणि पुन्हा निघा. तोवर काकू नटूनथटून दारात. "समुद्रावर? अगंबाई, आम्हीही येतो की!" आम्ही म्हणजे काकू, काका, लेकी, जावई आणि जावयांचे पाहुणे. मागच्या खेपेला समुद्राला म्हणून निघालो ते काकूंच्या मावसभावाच्या नातवाच्या बारशाला पोचलो. घुगऱ्या चांगल्या होत्या, नाही असं नाही.

तेव्हा मी ठरवलं, आता असं जायचं की कोणाला पत्ता लागता कामा नये. झोप, स्वयंपाक, सगळं आत. चालतं घरच म्हणा ना. बाहेरून मात्र कोणी वळूनही बघणार नाही.

त्याच सुमारास सिंहमहाराजांच्या सैन्यानं एक जुना लष्करी ट्रक लिलावात काढला. हिरवागार, धिप्पाड, चाकं माझ्याहून उंच. लिलावाला कोल्हा उभा होता.

"घ्या भाऊराव! युद्धावर जाऊन आलेली गाडी आहे."

"कोणत्या युद्धावर?"

"ते सांगता येत नाही. गुपित आहे."

नंतर कळलं, ती आयुष्यभर महाराजांच्या स्वयंपाकघरासाठी कांदे आणत होती. पण मी तेव्हाच छाती फुगवून सही केली होती. जन्मभर साठवलेली कंदमुळं कोल्ह्याच्या हवाली केली आणि काकूंना दिसू नये म्हणून गाडी लांबच्या झाडीत आणून ठेवली.

द्वारकेनं तिच्याभोवती एक चक्कर मारली. म्हणाली, "अहो, समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर आहे. चालत गेलो असतो ना?"

"चालत जाणारे लोकांना दिसतात," मी म्हटलं.

"आणि ही नाही दिसत?"

"दिसणार नाही. तू बघच."

कामाला सुतारपक्षी लावला. टकटके मिस्त्री. त्याला काहीही सांगा, त्याचं उत्तर एकच. "होऊन जातंय, मालक." छत खाली घ्यायचंय? होऊन जातंय. आत ओटा हवा? होऊन जातंय. देव्हारा? पाण्याची टाकी? लोणच्याच्या बरण्यांना फळी? होऊन जातंय.

छत आम्ही इतकं खाली घेतलं, की मी जरा दचकलो की पाठीवरचे काटे वर रुतायचे आणि मी तिथंच लटकायचो. मग द्वारका पाय धरून मला खाली ओढायची. ओढताना ती काही बोलायची नाही. ते जास्त लागायचं.

तिनं एकच गोष्ट मागितली. "एक खिडकी ठेवा. समुद्र दिसेल एवढी."

"खिडकी?" मी हसलो. "अगं, खिडकी आली की गाडी नजरेत भरते!"

तिनं मान हलवली आणि लोणच्याच्या बरण्या भरायला घेतल्या.

आता बाहेरचं रूप. इथं माझी हुशारी बघा. मिस्त्री म्हणाला, "गवताची गंजी करू." मी म्हटलं, "हत्ती खातील." तो म्हणाला, "मग मोठा दगड करू." मी त्याच्याकडे कीव करून बघितलं. "अरे बाबा, आपल्याकडे गोल दगड दिसला की कोणीतरी शेंदूर फासतं. दुसऱ्या दिवशी नारळ फुटतो. तिसऱ्या दिवशी भजनी मंडळ." एवढं कळत होतं मला!

म्हणून मी सांगितलं, "वारूळ करा. वारुळाकडे कोण ढुंकून बघतं?"

"होऊन जातंय," मिस्त्री म्हणाला.

लिंपायचं काम वाळवीला दिलं. तिनं बाहेरून असं वारूळ उभं केलं, की खरं वारूळ लाजेल. मजुरी म्हणून आतला पलंग खाल्ला. असो. आम्ही खाली झोपू म्हटलं.

निघायचा दिवसही मीच काढला. असा दिवस, की सगळं जंगल आपापल्या गडबडीत असेल, बायका सणात गुंतलेल्या असतील आणि काकूंना आमची आठवणही होणार नाही.

नागपंचमी.

हसू नका! लाह्या हव्यात ना?

द्वारका म्हणाली, "अहो, पण नागपंचमीला बायका जातात कुठं, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

मी म्हटलं, "बायकांच्या सणातलं मला काय सांगतेस?" आणि टायरात हवा भरायला गेलो.

आदल्या रात्री गाडी झाडीतून दारात आणून ठेवली आणि सकाळी उजाडल्या उजाडल्या आम्ही गुपचूप आत शिरलो. मी किल्ली लावली. द्वारका शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं केसात फूल माळलं होतं. पोरांनो, ते फूल बघून मला आतून भरून आलं. म्हटलं, आज नेतोच हिला.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"अगंबाई! हे वारूळ काल नव्हतं!"

घोरपडकाकू. मागं साऱ्या आळीच्या बायका, हातात ताटं.

"रातोरात आलंय गं! स्वयंभू आहे, स्वयंभू!"

रस्ता दिसावा म्हणून मी पुढं एक भोक ठेवलं होतं. त्यातून तांब्याभर दूध आत आलं, ते थेट माझ्या डोळ्यांत. मागोमाग लाह्या. मग हळदकुंकू. मी दचकलो आणि छताला लटकलो.

"चालू करा हो गाडी!" द्वारका कुजबुजली. "आवाजानं पळतील!"

मी लटकल्या लटकल्या पायानं किल्ली फिरवली. गाडी गुरगुरली. मागून भस्सकन धूर निघाला.

"फुत्कार!" काकू ओरडल्या. "नागोबांनी फुत्कार टाकला!"

आणि सगळ्या बायकांनी चाकांपुढं लोटांगण घातलं. आता सांगा, गाडी कुठून काढू? मी किल्ली बंद केली. त्या उठल्या. पुन्हा चालू केली. त्या पुन्हा आडव्या. चौथ्या फुत्काराला नवसही बोलून झाले.

दुपारपर्यंत फुगड्या झाल्या, मांडव उभा राहिला. मिस्त्रीला बोलावून काकू म्हणाल्या, "देवाभोवती दगडी पार बांधायचाय." बाहेरून ओळखीचा आवाज आला, "होऊन जातंय, काकू." आमची चाकं पारात गेली. तुम्ही आत्ता त्यावरच बसला आहात.

आरती सुरू झाली. सगळ्यांचे डोळे मिटलेले. द्वारकेनं मला छतातून ओढून काढलं आणि मागचं दार उघडलं. आम्ही बाहेर आलो. कोणी बघितलं नाही. अख्खं जंगल समोर उभं, आणि आमच्याकडे एकाचंही लक्ष नव्हतं!

"बघितलंस?" मी म्हटलं. "म्हटलं होतं ना, कोणाला पत्ता लागणार नाही?"

"हो. खरंच हुशार आहात," ती म्हणाली. पिशवी खांद्याला लावली. "चला आता. चालत."

"हो हो, आलोच. तू हो पुढं. किल्ली आत राहिली."

पोरांनो, पारात पुरलेल्या गाडीची किल्ली घेऊन मी काय करणार होतो, हे मला आजवर कळलेलं नाही. पण मी आत गेलो. बाहेर आलो तोवर आरती संपली होती आणि काकूंचे डोळे उघडे होते. मी वारुळाच्या दारात उभा. अंगावर दूध, कपाळावर कुंकू, प्रत्येक काट्यावर एक लाही.

"भाऊराव! देवानं तुम्हाला आत बोलावलं?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं, तर काकूंनी त्यात पेढा घातला आणि पाया पडल्या. मागून सगळं जंगल पाया पडलं. काय सांगू! जन्मात माझ्या कोणी पाया पडलं नव्हतं. मी हात वर करून आशीर्वाद दिला. झाडीत द्वारका थांबली होती. तिनं ते बघितलं, आणि ती गेली.

आठवड्यानं परत आली. तिच्या काट्यांना खारट वास येत होता.

मी विचारलं, "खरंच पलीकडचा काठ नाही?"

"नाही हो. मी पुष्कळ शोधला," ती म्हणाली. इतकी खूश मी तिला कधी बघितली नव्हती. माझ्यासाठी तिनं एक शिंपला आणला होता. तो गाडीतल्या देव्हाऱ्यात ठेवलाय. आत खिडकी नाही, म्हणून दिसत नाही, एवढंच.

आता ती दर नागपंचमीला जाते. दर वर्षी आधी मला विचारते, "येताय?" मी म्हणतो, "अगं, आज कसं जमेल? सणाची गर्दी!" ती म्हणते, "बरं."

ती बघा. ती फूल माळून चाललेली. हळू बोला! हाक मारू नका. आणि 'कुठं' तर मुळीच विचारू नका रे.

हं, करा आता हात पुढं.

तात्पर्य, लाह्या खाता खाता ऐका : ज्याला कुठंही जायचं नाही, त्यानं प्रवासाची तयारी अगदी कसून करावी. देव पावतो.