दौलतरावांचा खांदा

औरंगपुऱ्यातले आमचे शेजारी दौलतराव पाहुण्याला चहाच्या आधी आपला उजवा खांदा दाखवायचे. सदऱ्याची गुंडी काढून म्हणायचे, "हात लावून बघा. मोठ्या रायफलीचा धक्का खाल्लाय, खेळ नाय."

पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी, गंगापूरच्या शेतात रानडुकरं माजली म्हणून त्यांनी परवाना काढला आणि थेट वाघ मारायची रायफल घेतली. डुकराला एवढी तोफ कशाला, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. दौलतराव कसले ऐकतात! उलट भेटेल त्याच्या हातात छत्री देऊन धडे द्यायचे. रायफलीचा दस्ता खांद्याच्या खोबणीत गच्च बसला पाहिजे, मग धक्का सगळं अंग झेलतं, काही लागत नाही. मध्ये बोटभर फट राहिली की हाड गेलंच समजा. माझ्या मेव्हण्याला त्यांनी हे लग्नाच्या पंगतीत आमटीच्या पळीनं समजावलं होतं.

एवढे जाणकार, पण दर रविवारी शेतावरून परतताना गल्लीच्या तोंडापासून कण्हत यायचे. डुक्कर एकही पडलेलं नसायचं. त्यांच्या पत्नी मंदाकाकू मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून खांदा शेकायच्या आणि तोंडाचा पट्टा सोडायच्या. लई झाली शिकार, ते भूत विहिरीत टाका. दौलतराव डोळे मिटून ऐकत बसायचे. एरवी दोघांचं बोलणं भाजीपाल्यापुरतंच.

मग काकूंना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. डॉक्टरांनी वाचा परत येण्याची आशा ठेवू नका म्हणून सांगितलं. आता तरी रायफल सुटेल असं आम्हाला वाटलं, पण नाही. हे आपले रविवारी जाणार, कण्हत येणार आणि खाटेशी बसून काकूंच्या तोंडाकडे बघत राहणार. मला त्यांचा संताप यायचा.

एका रविवारी मात्र त्यांचा हात लोंबत होता. खांदा काळानिळा, टम्म सुजलेला. दस्ता नीट बसला नव्हता का, मी विचारलं.

"मुद्दाम फट ठेवली," ते म्हणाले.

मग काकूंच्या उशाशी बसून त्यांनी डाव्या हातानं सदरा बाजूला केला.

"अगं, इतकी वर्षं खोटंच कण्हत होतो. तू बोलावंस म्हणून. आज खोटं नाय, खरंच लई लागलंय. बोल की काहीतरी."

काकू आढ्याकडे बघत होत्या. त्या तशाच बघत राहिल्या.