मच्छीमार नगरातली रंगीत तालीम

परळच्या राजारामभाऊ घागांना दुसऱ्याच्या घरात कसं शिरावं हे कुणी शिकवायची गरज नव्हती. चाळीत बासष्ट वर्षं ते थेट शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन टोपावरचं झाकण उचलत आले होते!

नेमकी हीच धास्ती त्यांच्या ऑस्ट्रेलियातल्या लेकीला, अनुजाला होती. ती आईबाबांना तिथल्या दूरच्या किनाऱ्यावर, मूळ रहिवाशांच्या गावांत नेणार होती. पण बाबांनी आधी नीट वागून दाखवायचं, ही अट. वेशीवर थांबायचं, जाणत्यांना विचारून आत जायचं, फोटो काढायचे नाहीत, मध्ये बोलायचं नाही, दिलेलं नाकारायचं नाही. लेकीने पाठवलेले फोटो बघून भाऊंचा त्या समुद्रावर भारी जीव जडला होता. ते म्हणाले, कफ परेडच्या मच्छीमार नगरात तालीम करतो, मी कसा वागलो ते तिथल्या जाणत्या बाईलाच तुला फोनवर सांगायला लावतो.

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून, नियमांची वही घेऊन ते वस्तीच्या तोंडाशी तासभर उभे राहिले. आता वही धरून वस्तीकडे तासभर बघणारा माणूस सरकारी सर्वेवालाच असणार, हे कुणालाही कळतं.

वस्तीतल्या जाणत्या लक्ष्मीताईंनी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली. मासळी सुकवायची जागा सरकारी नकाशात नाही, कधी हटवतील नेम नाही, हे त्या अर्धा तास सांगत होत्या. भाऊ नियमाप्रमाणे मान डोलवत राहिले. मग शेजारीण अर्ज घेऊन आली, तिच्यामागे रांग लागली. भाऊंनी अर्ज घेतले. सुक्या बोंबलांची पिशवी दिली, तीही घेतली. जागेचा फोटो काढा म्हटल्यावर मात्र हात जोडले. फोटो खालचे लोक काढतात, हा वरचा साहेब, असं रांगेत ठरलं.

शेवटी भाऊंनी अनुजाला फोन लावून लक्ष्मीताईंच्या हातात दिला. त्यांचे डोळे भरून आले होते.

‘‘असा साहेब बघितला नाय गो! सगळ्यांचं ऐकून घेतलं. आमची जागा नकाशात येईपर्यंत याला कुठं पाठवू नको.’’

तेव्हा कुठे भाऊंनी तोंड उघडलं. आपण साहेब नाही, रिटायर्ड माणूस आहोत, हे घाम पुसत सांगितलं.

‘‘नसाल,’’ लक्ष्मीताई शांतपणे म्हणाल्या. ‘‘पण अर्ज तुम्हीच घेतलेत ना?’’

अनुजाने बाबांना शंभरपैकी शंभर दिले. तिकीट मात्र एकट्या आईचं निघालं. भाऊ चौतीस अर्ज घेऊन रोज सरकारी ऑफिसात जातात आणि साहेबांच्या दाराशी अदबीने उभे राहतात. आत या, असं अजून कुणी म्हटलेलं नाही.