ह खाणारे बबनमामा

आमच्या शेजारचे बबनमामा अख्खा शब्द म्हणतच नाहीत. तळहातावर दुसरा हात सुरीसारखा आपटून आधी त्याचे तुकडे करतात. कडाव गावात त्यांचं किराणा दुकान आहे. परवा एका वहिनींनी साबण मागितला.

"सा. वों," मामांनी दोनदा हात आपटला.

"सावंत नको हो, साबण द्या!"

"फ्रेंचमंदी साबणच त्यो. दोन तुकडे."

वहिनी समोरच्या दुकानात गेल्या.

मामांचा मुलगा फ्रान्समध्ये असतो. बायको तिकडचीच, सहा वर्षांची एक मुलगी. नातीला मराठी येत नाही, म्हणून मामांनी मोबाईलवर फ्रेंचचे धडे सुरू केले; त्यात शब्द तुकडे पाडून शिकवतात. तिच्या नावात सुरुवातीला ह लिहितात, पण म्हणायचं ए-लो-ईज. यावर मामा जाम खूश.

"आमी ह खातो, तेबी ह खातात! या ह पायी शाळेत मास्तरनी उठाबशा काढायला लावल्या रं. तिकडं असतो तर पयला नंबर."

टपरीवर मी त्यांची नक्कल करायचो. हॉस्पिटलचं 'ओ-पि-ताल' करून हात आपटला की पोरं चहा सांडायची. एकदा मामा मागेच उभे.

"ता जरा लांबव रं," एवढंच म्हणाले.

रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. फोन मी धरला होता.

"बाबा, पटकन बोला, आम्हाला निघायचंय."

तेवढ्यात नात डोकावली. मामा ताठ बसले. महिनाभर घोकलेलं होतं.

"बों-जूर, ए-लो-ईज!"

पोरगी बापाकडे वळली. "से की?"

मुलगा हसला. "काही नाही बाबा, खेळतेय ती. चला, ठेवतो."

फोन बंद.

"से. की," मामांनी हात आपटला. "दोनच तुकडे. काय सोच्छ बोलती!"

मी गुपचूप माझ्या मोबाईलवर अर्थ बघितला. अर्थ होता, 'हे कोण?'

"मामा, ती विचारत होती, कसे आहात."

"खोटं नको बोलू रं. तिसऱ्या धड्यात आलंय त्ये."

मी मोबाईल खिशात घातला.

"पोरीचं काय चुकलं? माणूस दिसला, इचारलं तिनं," मामा म्हणाले. "बाप बाजूलाच वता. त्यानं सांगायचं वतं."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याला तर येतं ना रं फ्रेंच?"