गरम दुधाची घनता

माणूस खोटं बोलतो, तराजू खोटं बोलतो, पण क्वार्ट्झचा स्फटिक कधी खोटं बोलत नाही! हे वाक्य आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकासाठी मीच लिहिलं होतं. परवा मीच ते काढून टाकायला लावलं.

आम्ही द्रवांची घनता आणि दाटपणा मोजणारी यंत्रं बनवतो. क्वार्ट्झचा नखाएवढा चिमटा द्रवात बुडवायचा. वीज दिली की तो थरथरतो. द्रव जड असला की थरथर मंदावते, दाट असला की लवकर विझते. शास्त्र एवढंच. बाकी सगळी जाहिरात.

त्या रविवारी के. आर. पुरमला माझ्या थोरल्या भावाकडे होसकोट्याची मंडळी त्याच्या मुलीला, दिव्यश्रीला, बघायला आली. बघायचं काय होतं म्हणा! ती आणि मुलगा उपेंद्र एचएसआर लेआउटमध्ये एकाच ऑफिसात. एकमेकांना वर्षभर बघतच होते. मोठ्यांनी फक्त 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणायचं बाकी होतं.

सकाळीच दिव्यश्रीने मला बजावलं, "चिक्कप्पा, आज स्वल्प कमी बोला हं."

मी कमीच बोललो. यंत्र बोललं.

उपेंद्रचे वडील हंबीरराव डेअरीवाले. भेट म्हणून घरच्या दुधाचा कॅन घेऊन आलेले. कावेरीवहिनींनी लगेच कॉफीसाठी त्यातलं दूध उकळलं. मला वाटलं, पाहुण्यांच्या दुधाचं चारचौघांत कौतुक व्हावं, आणि तेही शास्त्रशुद्ध! मी पिशवीतून यंत्र काढलं. त्याला तापमान मोजायची एक वेगळी वायर असते. पाहुण्यांसमोर वायरींचा गुंता बरा दिसत नाही, म्हणून ती मी घरीच ठेवली होती.

चिमटा वाफाळत्या पातेल्यात बुडवला. आकडा आला. मी चष्मा पुसला. आकडा तोच.

"काय म्हणतंय?" हंबीररावांनी हौसेने विचारलं.

"जरा पातळ म्हणतंय."

"पातळ म्हणजे?"

"म्हणजे... निम्मं पाणी."

के. आर. पुरमच्या पुलावरचे सगळे हॉर्न एकदम बंद पडावेत तशी शांतता पसरली! वहिनी सावरायला धावल्या.

"असू दे हो अण्णा, स्वल्प पाणी सगळेच घालतात!"

हंबीरराव उतू जायच्या बेतात आले. "आणा तुमच्या घरचं दूध! त्याला लावा ते!"

फ्रिजमधलं पिशवीचं दूध आलं. बर्फासारखं गार. आकडा असा आला, की खाली गायीने स्वतः सही करावी!

"म्हणजे पिशवीचं दूध आमच्यापेक्षा चांगलं?" उपेंद्रच्या आई इंदिराबाई उठून उभ्याच राहिल्या.

"आई, यंत्र आहे ते. चुकलं असेल," उपेंद्र घाईने म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "हो ना, काका?"

स्वयंपाकघराच्या दारातून दिव्यश्री माझ्याकडे बघत होती. एका अक्षराचं काम होतं.

"आमचं यंत्र चुकत नाही," मी म्हणालो.

मंडळी गेली. कॉफी तशीच राहिली. चिमटाही पातेल्यातच राहिला होता. दूध निवत होतं आणि आकडा हळूहळू सुधारत होता. गरम झालेला द्रव हलका होतो, हे मी नव्या इंजिनीअरांना पहिल्याच दिवशी शिकवतो.

मी स्कूटर काढली. त्यांची गाडी पुलाजवळच्या गर्दीत अडकली होती. मी काच ठोठावली.

"अण्णा, दूध चांगलं आहे! गार झाल्यावर चांगलं झालं!"

काच खाली आली. "आमचं दूध चांगलं आहे, हे आम्हाला तुम्ही सांगणार?"

काच वर गेली. मागच्या सीटवर उपेंद्र पायांकडे बघत बसला होता.

पुढे मी होसकोट्याला जाऊन माफी मागितली. तापमानाची वायरही बरोबर नेली होती. हंबीररावांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इंदिराबाईंनी ताक दिलं. ते मी न मोजता प्यायलो. पण बोलणी तिथेच थांबली, आणि घरच्यांना दुखवून लग्न करायचं नाही, असं त्या दोघांनीच ठरवलं.

उपेंद्रचं लग्न वैशाखात झालं. मुलगी तुमकूरची. आमंत्रण आम्हालाही होतं. जेवण उत्तम होतं. दिव्यश्री त्या दिवशी ऑफिसला गेली.