सासूबाई आणि अद्दारूची कोर

"आज कोर दिसणार आणि तुझी आई जाणार! आता खुद्द मर्दुक देव आडवा आला तरी हे टळत नाही!" रीमूतने बायकोला छातीठोकपणे सांगितले.

रीमूत हा बाबिलोनच्या मोठ्या देवळातला आकाश पाहणारा. संध्याकाळी चंद्राची नवी कोर दिसली, जुना महिना संपला, असे तो म्हणे आणि सारे शहर मान डोलवी. घरात मात्र त्याचे कुत्रेही ऐकत नसे. बोर्सिप्पाहून आलेल्या सासूबाईंनी त्याची गच्ची बळकावून तिथे मासे वाळत घातले होते! बिचारा शेपट्यांच्या फटींतून ग्रह शोधायचा. आधार एकच. आल्या दिवशी सासूबाईंनी शमश देवाची शपथ घेतली होती, "अद्दारू महिना संपेपर्यंत राहीन. ना एक दिवस कमी, ना एक दिवस जास्त!"

सूर्य बुडाला. रीमूतने मान ताणली. दोन वाळक्या माशांच्या मधोमध नखाएवढी कोर!

"दिसली! दिसली!"

तो असा ओरडला की शेजारचे बदक भिंतीवरून खाली पडले. धावत जाऊन त्याने स्वतःच्या हातांनी गाढवावर सासूबाईंची गाठोडी लादली, वर खजुरांची टोपलीही ठेवली. शेजारीपाजारी जमले. चारचौघांत जावयाने काहीतरी गोड बोलायला हवे, म्हणून तो डोळे पुसत म्हणाला, "आई, अजून एक महिना राहिला असतात तर किती बरं झालं असतं! पण शपथ म्हणजे शपथ."

"काय करू जावईबापू, देवापुढे बोलून बसले!"

इतक्यात देवळातले वडीलधारे बेल-एतिर धापा टाकत आले. "रीमूत! महाराजांनी तुझा सल्ला मानला रे!"

"कोणता सल्ला?"

"अरे, परवा सभेत तूच गरजलास ना? जव अजून हिरवा आहे, महिने ऋतूंच्या पुढे पळताहेत, एक महिना अधिक धरा म्हणून! आत्तापासून दुसरा अद्दारू सुरू!"

"दुसरा... काय?" रीमूतने गाढवाचा आधार घेतला.

"अहो, हे तुम्ही सांगितलंत?" बायको कुजबुजली.

"मी जवाचं बोलत होतो गं! तुझ्या आईचं डोक्यातच नव्हतं!"

सासूबाईंनी शांतपणे विचारले, "म्हणजे अद्दारू संपलेला नाही?"

"एक संपला, एक उरलाय," बेल-एतिर म्हणाले.

"मग शपथ मोडून जाऊ होय? उतरवा ती गाठोडी!" सासूबाईंना गहिवरून आले. "बघा गं बायांनो! सासू राहावी म्हणून या माणसानं महाराजांकडून महिना मागून आणला!"

"आमचा जावई साधं पाणी विचारत नाही," शेजारीण म्हणाली.

रीमूत गच्चीवर जाऊन सुन्न बसला. मागोमाग सासूबाई ताज्या माशांची टोपली घेऊन आल्या.

"जावईबापू, तुम्ही शिकलेले. तिसरा अद्दारू पण असतो का हो?"

"नसतो!!" रीमूत किंचाळला. बदक पुन्हा पडले.

"नसेना का," सासूबाई मासा पसरत म्हणाल्या, "महाराज तुमच्या शब्दाबाहेर नाहीत."